तिसरा रकाना

मी स्वतःला शिव्या देतो हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. सरकारदरबारी मात्र त्याची नोंद झाली ती नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळी सव्वादहा वाजता.

मी जिल्हा कचेरीत परवान्यांच्या खिडकीवर बसतो. कुत्र्यांचे परवाने, बोटींचे परवाने, मासेमारीचे परवाने. आणि आमच्या मिनेसोटात थंडी पडून तळी गोठली, की बर्फावर बसून मासे धरायला लोक जी लाकडी खोपटी उभी करतात, त्यांची नोंदणी. एकवीस वर्षांत माझ्या खिडकीवरून कोणी रागावून गेलं नव्हतं. त्या मंगळवारी एक निवृत्त पाद्री त्यांच्या कुत्रीचा परवाना काढायला आले. वय ब्याऐंशी. कुत्रीचं नाव ग्रेस. मी मालकाच्या जागी ग्रेस घातलं आणि कुत्रीच्या जागी पाद्रीबुवांचं नाव, कुत्र्याच्या जातीसकट. कागद छापून बाहेर आला, मी तो पाहिला आणि सवयीने पुटपुटलो, "अरे गाढवा, इतकी वर्षं झाली, अजून अक्कल आली नाही तुला. घरी बसायची लायकी तुझी."

माझं पुटपुटणं जरा खणखणीत असतं. पाद्रीबुवांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "खरं आहे तुमचं." आणि खरोखरच घरी जाऊन बसले. दोन दिवस ते खुर्चीतून उठले नाहीत, तेव्हा त्यांच्या मुलीने त्यांच्याकडून काय झालं ते काढून घेतलं आणि तक्रार केली.

डेल्बर्ट साहेबांनी मला आत बोलावलं. मी सांगितलं की ते बोलणं पाद्रीबुवांना उद्देशून नव्हतं, मी मला बोलत होतो. साहेबांना हायसं वाटलं. पण तक्रार आली म्हणजे अर्ज भरायला हवा, आणि अर्जात दोन रकाने होते: शिवीगाळ करणाऱ्याचं नाव आणि शिवीगाळ झालेल्याचं नाव. दोन्हीकडे माझं नाव, ऑरिन टोलेफसन, लिहिलं की संगणक लाल व्हायचा. साहेबांनी मुख्य कचेरीत फोन लावून माझ्या हातात दिला. तिकडच्या बाईंनी विचारलं, ज्यांचा अपमान झाला ते गृहस्थ पुढे यायला तयार आहेत का? मी म्हटलं, ते इथेच आहेत. बाईंचा आवाज एकदम खाली आला. त्यांनी विचारलं, "त्यांना आत्ता मोकळेपणाने बोलता येईल का, की तो दुसरा जवळच आहे?"

मी म्हटलं, दुसराही इथेच आहे. त्यावर नियम असा निघाला की चौकशी होईपर्यंत दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवायचं. शेवटी साहेबांनीच डोकं चालवलं. माझं मधलं नाव एल्मर. ऑरिन टोलेफसन याने एल्मर टोलेफसन याचा अपमान केला असा अर्ज गेला आणि आठवड्याभरात निकाल आला. ऑरिनला समुपदेशनाच्या सहा बैठका सक्तीच्या. एल्मरला दिलगिरीचं पत्र आणि अर्ध्या दिवसाची भरपगारी रजा. एल्मरची रजा मी घेतली. एवढं एकच काय ते चांगलं पदरात पडलं.

समुपदेशनाची खोली एका दातांच्या दवाखान्याच्या वर होती. जोनेल प्रुडेन नावाच्या पस्तिशीच्या बाई, पायात जाड लोकरी मोजे, बोलणं इतकं हळू की मला पुढे वाकून ऐकावं लागे. वाकलं की आपण बाईंच्या फार जवळ गेलो असं वाटे, मागे सरकलं की ऐकू येत नसे. पहिली बैठक या पुढेमागे होण्यातच गेली. त्यांनी विचारलं, दिवसातून किती वेळा असं बोलता स्वतःला? मी म्हटलं, असेल चारपाच वेळा. त्या म्हणाल्या, मोजून बघा. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्रेसष्ट झाले. त्यातले अकरा मोजण्यात चूक झाली म्हणून होते.

मग त्यांनी मला श्वास शिकवला. त्रेपन्न वर्षं मी ते काम कोणाच्या मदतीशिवाय करत होतो. डोळे मिटायचे, श्वास आत जातोय, बाहेर येतोय, तेवढंच बघायचं. वाईट विचार आला तर त्याच्याशी भांडायचं नाही. "आला," एवढं म्हणायचं आणि परत श्वासाकडे यायचं. मी डोळे मिटले. खाली कोणाच्या तरी दाढेत यंत्र सुरू झालं. मी मनात म्हटलं, तुला साधा श्वास घेता येत नाही. मग म्हटलं, आला. मग म्हटलं, तो माणूस खाली दाढ कोरून घेतोय, तो निदान काही उपयोगाचं तरी करतोय. तोही आला. तासभर नुसती ये-जा चालली होती.

बाईंनी सांगितलं होतं की हे रोजच्या कामात करायचं. म्हणून मी खिडकीवर बसून तीन श्वास घेऊ लागलो. पहिल्याच दिवशी डोळे उघडले तर माझ्या नाकाखाली एक छोटा आरसा होता. शेजारच्या खिडकीवर लॅव्हॉन पेट्रिच बसते, चौदा वर्षांपासून. तिने पर्समधला आरसा काढून मी जिवंत आहे का ते पाहिलं होतं. रांगेतले तिघे टोप्या काढून उभे होते.

आमचं गाव लहान. माझा श्वास चालू आहे की नाही याची चौकशी संध्याकाळपर्यंत चर्चमध्ये पोचली. तिथल्या बायकांनी तीन प्रकारचा काढा, एक ऊबदार शाल आणि हवापालटासाठी ॲरिझोनातल्या एका चुलतबहिणीचा पत्ता दिला. माझी बायको आर्डिस मात्र दुखावली होती. तिचं म्हणणं, सव्वीस वर्षं मी तुला सांगतेय की स्वतःला असं बोलू नकोस, ते ऐकलं नाहीस. आणि आता मोजे घालून बसलेली बाई तेच सांगते तर वही घेऊन लिहून काढतोस.

शेजारचे वेंडेल कुसिस्टो सत्तरीचे. मूळचे फिनलंडच्या घराण्यातले, त्यामुळे त्यांच्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध: परसातली सौना. लाकडी खोली, तापलेले दगड, त्यावर पाणी. त्यांनी कुंपणावरून सांगितलं की आत बसलं की डोक्यात काही उरतच नाही, मग शिव्या कुठून उरणार? औषधाला मला नाही म्हणता येत नाही, म्हणून एल्मरच्या रजेत मी गेलो. वेंडेल वरच्या फळीवर मुकाट बसले. मी खालच्या फळीवर बसून बाईंनी शिकवल्याप्रमाणे खोल श्वास घेऊ लागलो. वाफेत खोल श्वास घेऊ नये हे बाईंनी सांगितलं नव्हतं, कारण त्यांना वाटलं असावं की एवढं माणसाला कळतं. पाचव्या श्वासाला नाक आतून भाजलं, आठव्याला दगड दोनाचे चार दिसू लागले आणि मी दार ढकलून बाहेर धावलो. टॉवेल दाराच्या कडीत अडकला. तो तिथेच राहिला, मी पुढे गेलो. वेळ दुपारी साडेतीनची. समोरून शाळेची पिवळी बस जात होती. मुलांनी हात हलवले. आमच्याकडे मुलांना वळण चांगलं असतं. मीही हात हलवला, एकच, कारण दुसरा मोकळा नव्हता.

वेंडेलनी मागून येऊन टॉवेल दिला. चेहऱ्यावर काही नाही. म्हणाले, कॉफी टाकतो, बस. मी म्हटलं, नको, घरी काम आहे. त्यांच्या कॉफीला मी नेहमी असंच म्हणत आलो होतो. ती बोलावणी दयेपोटी असतात याची मला खात्री होती.

घरी येऊन मी वही उघडली. ही वही आता महत्त्वाची झाली होती. बाईंनी तीन रकाने आखायला सांगितले होते. पहिल्यात घडलेला प्रसंग, दुसऱ्यात मनात आलेला विचार आणि तिसऱ्यात त्या विचाराच्या विरुद्ध पुरावा. पहिले दोन मी भराभर भरत होतो. माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळे पानं फार देखणी दिसत. तिसरा रकाना सगळ्या पानांवर कोरा होता.

तिसऱ्या बैठकीत बाईंनी वेंडेलच्या कॉफीचं पान वाचलं आणि विचारलं, "हे वेंडेल असं म्हणाले तुम्हाला?"

मी म्हटलं, म्हणाले नाहीत, पण मला कळतं. कशावरून? चेहऱ्यावरून. बाईंनी वेंडेलचा चेहरा कसा असतो ते विचारलं, आणि मी अडकलो. कारण वेंडेलना मी त्यांच्या मुलीच्या लग्नात पाहिलंय, तीन हिवाळ्यांपूर्वी त्यांच्या बायकोच्या, आयलीच्या अंत्यविधीत पाहिलंय, आणि दोन्हीकडे तोच चेहरा होता. बाई म्हणाल्या, "मग एकदा विचारून बघा ना. पुढच्या वेळेपर्यंत एकाच माणसाला विचारा." मी मान हलवली. विचारणार नव्हतोच. विचारलं आणि ते "हो" म्हणाले तर?

आता त्या बुधवारचं सांगतो. सांगताना आजही कान गरम होतात.

माझी वही कचेरीतल्याच कपाटातली होती. हिरवं कापडी पुठ्ठ्याचं कव्हर, कोपरे लाल. खोपट्यांची नोंदवहीही तशीच, आणि त्या दिवशी दोन्ही माझ्या टेबलावर होत्या. नोंदणीचा शेवटचा दिवस होता, रांग दारापर्यंत, आणि छपाईयंत्राने आत कागद खाऊन ठेवला होता. मी वही खिडकीवर ठेवली, म्हटलं, मंडळी, तुमचं नाव, तळं आणि गाडीचा नंबर तुम्हीच लिहा, मी आलोच. आणि यंत्राच्या पोटात हात घालून बसलो तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत. मधूनमधून बाहेर कान देत होतो. रांग नेहमीपेक्षा फार हळू सरकत होती आणि फार शांत होती. मला वाटलं, थंडी.

एकोणीस माणसांनी ती वही वाचली. एकानेही हाक मारून सांगितलं नाही की अहो टोलेफसन, ही चुकीची वही आहे. आमच्याकडे दुसऱ्याला ओशाळं करणं फार वाईट मानतात. त्यापेक्षा त्याला आयुष्यभर ओशाळं राहू देतात. शिवाय सरकारी वहीत एक रकाना कोरा दिसला की आमच्या लोकांच्याने तो कोरा ठेववत नाही. त्यांनी तो भरला.

काहींनी निमूटपणे तळ्याचं नाव आणि गाडीचा नंबरच लिहिला होता. एकाने माझ्या दोन शब्दांचं शुद्धलेखन सुधारलं होतं. "चर्चच्या जेवणात माझ्या बटाट्याच्या भांड्याला कोणी हात लावला नाही, म्हणजे लोकांना मी नको आहे," या विचारासमोर एका अनोळखी अक्षरात होतं, "मीठ फार झालं होतं. माणूस ठीक आहे." दुसरं पान लॅव्हॉनचं होतं. तिला दुसरी खिडकी मिळत नाही म्हणून ती बिचारी माझ्याशेजारी दिवस काढते, असं मी लिहिलं होतं. त्याच्यासमोर लिहिलेलं, "दुसरी खिडकी तिने दोनदा नाकारली. — तिचा नवरा."

मी ते खिडकीमागे उभ्याने वाचत होतो. लॅव्हॉन पलीकडे डबा खात होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "बाहेर पडल्यावर नवऱ्याने फोन केला मला. चौदा वर्षं मी तुझ्याशेजारी तोंड दाबून बसलेय, असं वाटत होतं होय रे तुला?" ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने डब्याचं झाकण लावलं आणि अर्धं जेवण तसंच ठेवलं.

मग वेंडेलचं पान आलं. त्यावर माझ्या देखण्या अक्षरात होतं: "बर्फ पडला की वेंडेल स्वतःचं यंत्र आणून माझंही अंगण साफ करतात. या माणसाला साधं अंगण राखता येत नाही हे त्यांना गल्लीला दाखवायचंय. दुसऱ्याची कीव करण्यात त्यांना सुख आहे." तिसऱ्या रकान्यात पुरावा नव्हता. तळ्याचं नाव होतं, गाडीचा नंबर होता आणि खाली सही: वेंडेल कुसिस्टो. नियमाप्रमाणे. एक अक्षर जास्त नाही.

मी वही सुरुवातीपासून परत वाचली. इतके दिवस मला वाटत होतं की मी फार नम्र माणूस आहे, फक्त स्वतःलाच बोलतो. वाचताना दिसलं की एकेक शिवी मी कोणाच्या ना कोणाच्या तोंडी घातली होती. लॅव्हॉन असं समजते, आर्डिस तसं समजते, वेंडेल हसतात, पाद्री कंटाळतात. ज्यांनी मला कधी वाकडं म्हटलं नाही अशा सगळ्या माणसांना मी निर्दय ठरवून ठेवलं होतं, तारीखवार. श्वास घ्यायला डोळे मिटले. आत लाज बसली होती. "आला," म्हटलं. ती हलली नाही.

जोनेलबाईंना दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच मोज्यांकडे बघायला सुरुवात केली. खांदे हलत होते, पण मला वाटलं ते मी मनावर घेऊ नये. मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, हसून की कशाने ते मी विचारायला हवं होतं. त्या म्हणाल्या, वेंडेलकडे जा. भाषण तयार करू नका.

मी शुक्रवारभर भाषण तयार केलं. शनिवारी सकाळी आर्डिसने दालचिनीचा केक हातात दिला आणि दारातच अडवलं. "तिथे जाऊन रडगाणं लावू नकोस," ती म्हणाली. "माफी माग आणि गप्प बस. गप्प बसणं तुला बोलण्यापेक्षा बरं जमतं." मग कॉलर नीट केली. तिचं नाव त्या वहीत किती वेळा आहे, हे तिने अजून विचारलेलं नाही. मला ते सांगावं लागणार आहे.

वेंडेलनी दार उघडलं, केक घेतला, स्वयंपाकघरात बसवलं. टेबलाला दोन खुर्च्या होत्या. एकीवर वर्तमानपत्रांची चळत होती, ती त्यांनी उचलून खाली ठेवली. मी सुरू झालो. म्हटलं, मी फार नालायक माणूस आहे. माझ्यासारखा कृतघ्न शेजारी कोणाला मिळू नये. माझी बुद्धीच हलकी, मला स्वतःचीच किळस येते, मी कोणत्या तोंडाने इथे आलो मलाच कळत नाही. चांगली सातआठ मिनिटं झाली असतील. वेंडेल केक कापत होते. तुकडे अगदी सारखे झाले, तेव्हा त्यांनी सुरी खाली ठेवली.

"झालं?"

"हो."

"मला वाटलं होतं तू माझ्याबद्दल बोलायला आलायस."

माझा श्वास मला ऐकू येत होता, न शिकवता.

ते खिडकीकडे बघत बोलले. "आयली गेली त्या हिवाळ्यात मला साडेचारला जाग यायची. उजाडलं की यंत्र काढायचो. माझं अंगण वीस मिनिटांत व्हायचं. मग घरात जावं लागणार. म्हणून तुझं घ्यायचो. तुझं अंगण मोठं आहे." मग म्हणाले, "कीव वगैरे नव्हती. तुझ्याकडे बघायला वेळ कोणाला होता?"

मी फक्त म्हटलं, "माझं चुकलं, वेंडेल. मी तुमच्याबद्दल खोटं लिहिलं."

"हो," ते म्हणाले. "लिहिलंस." त्यांनी एक तुकडा माझ्यासमोर सरकवला. मला वाटलं आता ते म्हणतील, जाऊ दे. ते तसं म्हणाले नाहीत. केक खाल्ला, बोटं पुसली, आणि जरा विचार करून म्हणाले, "तुला पुरावे हवे असतात ना? मग खरं सांगतो. आयलीला तू आवडायचा नाहीस."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या वहीत मी अख्ख्या गल्लीची नावं घातली होती, फक्त आयलीचं नव्हतं. गेलेल्या माणसांबद्दलही मी लिहिलं होतं, माझ्या शाळेतल्या हॉकीच्या मास्तरांना दोन पानं दिली होती. आयलीचं नाव घातलं नाही, कारण साऱ्या गावात ती एकटीच बाई मला मनापासून चांगलं समजत होती, याबद्दल मला कधी शंकाच नव्हती. तिच्या चेहऱ्यावरून दिसायचं.

"का पण?" मी विचारलं. माझा आवाज लहान झाला होता.

"ती म्हणायची, हा माणूस दारात उभा राहतो तो माफी मागतच. आपण म्हणायचं, नाही हो, असं काही नाही. परत माफी. परत आपण म्हणायचं, नाही हो. अर्धा तास त्याची समजूत घाला, की तो बरा होऊन घरी जाणार. आपली कंबर दुखतेय का, हे काही विचारणार नाही." वेंडेलचा चेहरा नेहमीसारखाच होता. "तिची कंबर फार दुखायची."

आयलीची कंबर दुखायची हे मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं आमच्यामध्ये एक कुंपण होतं. माझ्या जिभेवर माफी येऊन बसली, चांगली लांबलचक, स्वतःला चारदोन शिव्या घातलेली. मी ती कॉफीबरोबर गिळली. कॉफी फार कडू होती. मी तसं सांगितलं. वेंडेल म्हणाले की तिलाही ती कडूच वाटायची.

"अजून काय म्हणायची ती?" मी विचारलं.

वेंडेलनी माझ्याकडे नीट पाहिलं, मी खरंच विचारतोय की काय ते बघायला. मग त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली, माझा कप पुन्हा भरला आणि सांगायला लागले. तिला बरंच म्हणायचं होतं.